पोटखराबातले पाहुणे

नोव्हेंबर लागला की ओळखीचे लोक विचारायला लागतात, "काका, पक्षी बघायला कुठं जाऊ? जवळचं सांगा, मुलं बरोबर आहेत." मी कवडी सांगतो. ते एकदा जाऊन येतात आणि परत मला कधी काही विचारत नाहीत.

त्यांचा तरी काय दोष? सोलापूर रस्त्यानं हडपसर, मांजरी मागे टाकली की लोणी काळभोरच्या अलीकडे कवडीपाट लागतं. डावीकडे वळून नदीवर उतरायचं. गाडीचं दार उघडल्याबरोबर आधी वास येतो. सगळ्या पुण्याच्या आणि पिंपरी-चिंचवडच्या न्हाणीघरांतून, संडासांतून, कारखान्यांतून जे काही वाहतं ते पवना, मुळा, मुठा करत इथूनच पुढे जातं. बुटक्या बंधाऱ्यावरून पाणी पडतं तिथे फेस फुगलेला. काठच्या बाभळींना पुरानं आणून अडकवलेल्या पिशव्या लोंबतात. निर्माल्य, थर्माकोल, कुणाची तरी फाटकी उशी. आणि या सगळ्याच्या कडेला, जणू आपला याच्याशी काही संबंधच नाही अशा थाटात, चक्रवाकाची केशरी जोडी उभी असते. लडाख-तिबेटातल्या तळ्यांच्या आसपास पिल्लं वाढवायची, हिमालय ओलांडायचा आणि हिवाळा काढायला आमच्या सांडपाण्यात यायचं. संस्कृत कवींनी या जोडीला रात्रभर विरह भोगायला लावला. कवडीला ते दोघं रात्री काय करतात मला ठाऊक नाही, पण सकाळी सातला नाक मुरडताना तरी दिसत नाहीत.

पक्षी इथे का येतात याचं उत्तर तसं सरळ आहे आणि थोडं किळसवाणं. मैल्यामुळे गाळात लाल अळ्या बुजबुजतात. शेकाट्या लांब गुलाबी पायांवर तोल सांभाळत त्या टिपतो, तुतवार शेपटी खालीवर करत टिपतो, धोबी पळत पळत टिपतात. धोब्यांत पांढरा असतो, करडा असतो, पिवळा असतो, पिवळ्या डोक्याचाही असतो. डिसेंबरातल्या चांगल्या सकाळी चारही एकाच पट्ट्यात दिसतात आणि नवशिक्यांची भांडणं लागतात. माशांचं मात्र वेगळं. या पाण्यात प्राणवायू इतका कमी की तग धरतात ते मांगूर आणि चिलापी. त्यामुळे मासे खाणाऱ्यांपैकी जो ही जात चालवून घेतो तो टिकतो. नदी सुरय पूर्वी कवडीला हमखास असायचा, बंधाऱ्यावरून सूर मारताना बघत बसावं. आता दिसला तर वहीत खूण करतो.

म्हणून कुणी मला म्हणालं, "अहो, कवडीला अजून खूप पक्षी आहेत की!" तर मी मान डोलावतो आणि पुढचा प्रश्न विचारतो, कुठले? शेकाटे वाढले म्हणून थवा मोठा दिसतो. तलवार बदक, थापट्या यांची जागा भरून निघत नाही. डोकी मोजणाऱ्याला नदी बरी वाटते. जाती लिहिणाऱ्याला तशी वाटत नाही.

डोकी मोजायचं नाही, काय कुठे आहे ते मोजायचं, ही सवय मला नोकरीनं लावली. मी जमीन मोजायचो. सुरुवातीला साखळी आणि टेबल, मग ईटीएस हे इलेक्ट्रॉनिक मोजणी मशीन, निवृत्तीच्या सुमारास उपग्रहावरून मोजणारा रोव्हर आला. ३३ फूट बाय ३३ फूट म्हणजे गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर, आणि एका हाताच्या बांधावरून तीन पिढ्यांचा अबोला, हे सगळं मी जवळून बघितलंय. पक्ष्यांचा नाद लागला तोही मोजणीतच. सुप्याच्या बाजूला एका माळावर मशीन लावून प्रिझम धरलेल्या पोराकडे बघत होतो. दुर्बिणीत मध्येच काहीतरी तुरुतुरु पळालं. थांबलं. वाकलं. पुन्हा पळालं. मातकट तांबूस अंग, डोळ्यावरून काळी-पांढरी रेघ, पाय दुधाळ. डोळा काढून साध्या नजरेनं बघितलं तर समोर नुसता माळ. पुन्हा डोळा लावला तर आहे! प्रिझमवाला पोरगा तिकडून ओरडतोय, "साहेब, झालं का?" आणि मी आपला त्या पक्ष्यामागे मशीन फिरवतोय. तो धाविक होता हे मला बऱ्याच महिन्यांनी कळलं. धाविक काही हिवाळी पाहुणा नाही, बारमाही इथलाच. पण त्याच्यामुळे मी माळाकडे बघायला लागलो आणि हिवाळ्यात तिथे कोण कोण उतरतं ते पुढच्या थंडीत दिसलं.

आता सातबारा ज्यांनी कधी हातात धरला असेल त्यांना माहीत आहे, त्यात लागवडीलायक क्षेत्राच्या खाली एक ओळ असते, पोटखराब. वर्ग अ म्हणजे शेतीला अयोग्य, खडकाळ, नाला, खंदक, खाण. वर्ग ब म्हणजे रस्ता, पाट, तळं, अशा कामांसाठी सोडलेली. त्याला आकार नाही, म्हणजे सारा नाही. ही पद्धत आपल्याच जिल्ह्यात रुजली. मुंबई इलाख्याची नवी मोजणी आणि आकारणी १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात सुरू झाली, गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी केली. मातीची खोली, रंग, पोत बघून वर्ग पाडायचे आणि त्यावरून सारा ठरवायचा. त्याआधीच्या प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याच्या आकारणीनं शेतकरी पार मेटाकुटीला आलेला, त्या मानानं ही बरीच न्याय्य होती. जिथे पिकत नाही तिथला सारा मागू नये, यात चूक काढायला जागा नाही.

पण माझ्या वहीतले हिवाळी पाहुणे कुठल्या जमिनीवर दिसले ते मी एका पावसाळ्यात, बाहेर जाता येत नव्हतं तेव्हा, सातबाऱ्याच्या भाषेत मांडून बघितलं. थिरथिरा पडक्या बांधाच्या दगडांवर. गप्पीदास पड जमिनीतल्या तरवडाच्या शेंड्यावर. शंकर, म्हणजे तो निळ्या गळ्याचा, नाल्यातल्या पाणकणसांत. भोवत्या हा शिकारी पक्षी गायरानात. तुतवार तळ्याच्या उघड्या चिखलात. धोबी नदीपात्रात. बागायती जमिनीवर जवळजवळ कुणी नाही. जिरायतीवर एक जमात येते ती भोरड्यांची, रब्बी ज्वारीवर, आणि तिला गोफणीचे दगड खावे लागतात. बाकी सगळी मंडळी पोटखराबात, पडात, गायरानात, पात्रात. ज्यावर एक पैसा सारा बसत नाही, त्यावर.

अशा जमिनीची राखण कोण करणार? जंगल तोडलं तर बातमी येते. डोंगर फोडला तर निदान फोटो येतो. माळ सपाट केला तर लोक म्हणतात, चला, काहीतरी झालं एकदाचं.

दिवे घाट चढून सासवडच्या बाजूला गेलात की हे बघायला मिळतं. घाटमाथ्याच्या पलीकडे कुसळी, पवन्या, मारवेल यांचं गवत, मधे मधे हिवर, बोराटी, तरवड. पावसाळ्यानंतर सोनेरी पडतं. यात थंडीत भोवत्ये येतात, पांढुरका भोवत्या आणि माँटेग्यूचा भोवत्या, मध्य आशियाच्या गवताळ मैदानांतून. नर राखाडी-पांढरा, पंखांची टोकं काळी. गवताच्या शेंड्यांना लागेल न लागेल इतक्या खालून, पंख किंचित वर धरून, झुलत जातो. नाकतोडे, चंडोल, उंदीर असं त्याचं खाणं. शिकारी पक्षी म्हटल्यावर रात्री झाडावर बसेल असं वाटतं ना? हा बसत नाही. गवतात जमिनीवर निजतो, आणि एकाच गवतात अनेक जण येऊन निजतात. त्यामुळे अमुक एक गवताचा तुकडा गेला म्हणजे नुसतं खाण्याचं रान गेलं असं होत नाही, त्या सगळ्यांची झोपायची जागा जाते.

ती जागा मला दाखवली एका म्हाताऱ्या धनगरानं. मी दुर्बीण लावून बसलेलो. तो शेळ्या-मेंढ्या घेऊन बऱ्याच लांबून माझ्याकडे बघत होता, शेवटी जवळ आला.

"मोजणीवालं का तुमी?"

त्या भागात विमानतळाचा विषय सुरू आहे, सात गावांची जमीन त्यात धरलेली, त्यामुळे डोळ्याला यंत्र लावलेला कुठलाही माणूस संशयित. मी प्रामाणिकपणे सांगितलं, "होतो. आता निवृत्त. आता पक्षी बघतो."

त्याचा विश्वास बसला नाही. त्याच्या जागी मी असतो तर माझाही बसला नसता. मी दुर्बीण त्याच्या हातात दिली. त्यानं ती उलटी-सुलटी करून डोळ्याला लावली, त्याच्या मेंढ्या बघितल्या, खूश झाला.

"त्यो ढवळा पाखरू बगताय व्हय? दिसाचं काय बगताय, ते तर हिंडतंय. सांच्याला या. त्या वगळीच्या पल्याड उच्च गवात हाय, तितं समदी उतरत्यात."

"तुमच्या मेंढ्या जात नाहीत तिकडे?"

"कुसाळ टोचतंय, मेंढरं जात न्हाईत. लोकरीत घुसतंय."

त्या संध्याकाळी थांबलो. सूर्य टेकल्यावर एकेक करून आले, घिरट्या घातल्या, आणि गवतात पाय खाली सोडून नाहीसे झाले. आणखी एक गोष्ट मला त्या म्हाताऱ्याच्या बोलण्यावरून उमगली. धाविकाला आणि माळटिटवीला मेंढ्यांनी खुरटून ठेवलेली जमीन लागते, उघडी, म्हणजे पळता येतं आणि धोका लांबून दिसतो. भोवत्याला न खाल्लेलं, उभं गवत लागतं. दोन्ही शेजारी शेजारी ठेवायचं काम कुठलाही आराखडा न करता मेंढ्या करत होत्या. त्याचे भाऊबंद दिवाळीनंतर कळप घेऊन कोकणात उतरतात, उन्हाळ्याच्या अखेरीस परततात. हा गुडघ्यामुळे मागे राहिलेला. त्याचा मुलगा चाकणला कंपनीत आहे. तो मेंढरं वळणार नाही हे सांगताना म्हाताऱ्याला वाईट वाटत होतं असं मला दिसलं नाही. "कशाला वळंल?" म्हणाला.

मग प्लॉट पडतात. त्याचा क्रम ठरलेला. आधी जेसीबी येऊन बोराटी काढतो. मग मुरमाचे रस्ते, चौकोन चौकोन, आणि सिमेंटचे खांब, त्यांना पिवळा-पांढरा पट्टा. दर्शनी भागात कमान, कमानीला इंग्रजी नाव, नावात व्हॅली नाहीतर मेडोज. दोन्ही बाजूंना शोभेचे पाम. गंमत अशी की पहिल्या एखाद-दोन हिवाळ्यांत त्या खांबांवर पक्षी जास्त दिसतात. गप्पीदासाला बसायला उंच जागा मिळते, खाटीक बसतो, तारेवर नीलपंख. प्लॉट विकणाऱ्यानं जाहिरातीत तसा फोटो टाकलेलाही मी बघितलाय, निसर्गाच्या सान्निध्यात म्हणून. बंगले आले की त्यांच्याबरोबर कुत्री, दिवे, मांजरं येतात. भोवत्या मात्र जेसीबीच्याच वर्षी जातो.

याहून मला जास्त छळतं ते वृक्षारोपण. हे लिहिलं की लोक रागावतात, तरी लिहितो. उघडा माळ दिसला की आपल्या हातांना खड्डे खणण्याची कंड सुटते. शनिवारी बसमधून तरुण मुलं-मुली येतात, एकसारखे टी-शर्ट, प्रत्येकाच्या हातात एक रोप. हेतूवर बोट ठेवायला जागा नाही. पण गवताळ माळ म्हणजे मेलेलं जंगल नव्हे. तिथे मुळात झाडं कमीच असायची आणि तिथले जीव त्याच हिशोबानं घडलेत. पुण्यातल्या टेकड्यांवर हा प्रयोग कधीच होऊन गेलाय. वेताळ टेकडी, पर्वती-पाचगाव इथे ग्लिरिसिडिया लावला. लोक त्याला उंदीरमारी म्हणतात. झपाट्यानं वाढला, टेकडी हिरवी झाली, फेब्रुवारीत गुलाबी फुलतो आणि मोबाईलवाले खूश होतात. खाली मात्र गवत नाही, झुडूप नाही. टेकडीचा जो भाग अजून उघडा, खडकाळ आणि 'ओसाड' राहिलाय, तिथेच मला थंडीत चंडोल आणि गप्पीदास भेटतात. वेताळ टेकडी वाचवायला लोक रस्त्यावर उतरले, रस्ता आणि बोगदे नकोत म्हणाले, मीही त्यांच्यातच होतो. फक्त तिथे "झाडं वाचवा" अशी पाटी धरायला दिली तेव्हा मी शेजारच्याला "टेकडी वाचवा"ची पाटी मागून घेतली.

पाषाणबद्दल फार लिहीत नाही. रामनदीवरचं ते तळं, एके काळी पुण्यातल्या प्रत्येक पक्षीवेड्याची शाळा. आता सांडपाणी, त्यावर जलपर्णी, ती काढायला यंत्रं, आणि काठाला पदपथ. जलपर्णी दाट झाली की जांभळ्या पाणकोंबड्या तिच्यावरून पायी फिरतात आणि बदकांना उतरायला पाणीच दिसत नाही. एवढं पुरे.

नदीकाठच्या प्रकल्पावर मात्र आमच्या घरात गेली काही वर्षं वाद चालू आहे. मुळा, मुठा आणि मुळा-मुठा मिळून ४४ किलोमीटर काठ 'सुधारायचा' आहे, २०२२ च्या मार्चमध्ये भूमिपूजन झालं, बंडगार्डनच्या बाजूला काम दिसायलाही लागलं. जावई आयटीत, राहायला कल्याणीनगरला. त्यांना हा प्रकल्प मनापासून आवडतो. सलीम अलींच्या नावाचं पक्ष्यांचं रान त्यांच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि मी त्यांना तिथे एकदाच नेऊ शकलो.

"बाबा, खरं सांगू का? तिथे राडारोडा टाकलाय, दारूच्या बाटल्या आहेत. तुमची मुलगी तिथे एकटी फिरायला जाऊ शकेल का? रस्ता केला, दिवे लावले, तर हजार माणसं नदीवर येतील. आज कोण येतं?"

याला माझ्याकडे उत्तर नाही असं नाही, पण त्यांचा मुद्दा खोटा नाही हे मला दिसतं. मुलगी खरंच एकटी जाऊ शकत नाही. मी त्यांना माझ्या धंद्यातली गोष्ट सांगितली. नदीच्या नकाशावर दोन रेघा असतात, निळी आणि लाल. निळी म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची. या दोन रेघांच्या आतबाहेर जी उतरती, ओबडधोबड, कधी ओली कधी कोरडी पट्टी असते, ती नदीचीच असते, फक्त रोज वापरात नसते. तिथे लव्हाळं, पाणकणीस, वाळुंज, गाळाचे उंचवटे. थंडीत पाणी ओसरलं की तो गाळ उघडा पडतो, आणि आलेल्यांचा अर्धा संसार त्या दोन-चार हात रुंदीच्या ओल्या कडेवर चालतो. काठ उभा बांधून काढला की पाणी आणि भिंत, मधली कड संपली. तुतवार भिंतीवर चरत नाही.

"मग एक काठ करा आणि एक सोडा," मी म्हणालो.

"सोडलेल्या काठावर लोक कचरा टाकतील."

"टाकतील. तो उचलता येतो. काँक्रीट उचलता येत नाही."

मुलगी म्हणाली, जेवायला चला.

हे सगळं माझ्या एकट्याचं रडगाणं असेल अशी शंका मलाही येते. म्हाताऱ्यांना जुनं सगळं भरगच्चच आठवतं. पण 'भारतातील पक्ष्यांची स्थिती' हा २०२३ चा अहवाल देशभरातल्या ३०,००० हून अधिक पक्षीनिरीक्षकांच्या तीन कोटी नोंदींवरून केलेला आहे. त्यात ९४२ जाती तपासल्या, पैकी १७८ जातींना तातडीनं लक्ष हवं असं म्हटलंय. गवताळ आणि उघड्या रानातले पक्षी, शिकारी पक्षी, बदकं, चिखलातले स्थलांतरित, म्हणजे थोडक्यात माझ्या वहीतली सगळी मंडळी घसरणीच्या यादीत. मोर वाढलेत, कबुतरं वाढलीत. आमच्या बाल्कनीतल्या कबुतरांची नोंद मीही अधूनमधून ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकतो, नियम म्हणजे नियम.

आता भिगवण. कवडीला पाठवलेले लोक रुसले की त्यांना मी भिगवणला पाठवतो आणि तिथून ते पेढे घेऊन आल्यासारखे परततात. सोलापूर रस्त्यानंच, पुण्यापासून शंभरेक किलोमीटर, कुंभारगाव नाहीतर डिकसळ. उजनी धरण १९८० ला पूर्ण झालं, त्याचा हा मागचा फुगवटा. सकाळी नाव करायची, मासेमार बंधू चालवतात, पक्ष्यांची नावं मराठीत, इंग्रजीत आणि शास्त्रीयसुद्धा फाडफाड सांगतात. पट्टकादंब दिसतील, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले. हिमालयावरून जाताना यांच्या पाठीवर यंत्र बांधून मोजलं तेव्हा ७,००० मीटरच्या वर उडालेले सापडलेत. कुरव, चित्रबलाक, मोर शराटी आणि ज्यांच्यासाठी सगळे येतात ते रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. नंतर काठावर चिलापीचं ताट.

लोकांना वाटतं कवडी घाण आणि भिगवण स्वच्छ. पाणी एकच आहे. मुळा-मुठा भीमेला मिळते, भीमा उजनीत येते. आपण सकाळी सोडलेलंच तिथे हिरवं होऊन पसरतं. रोहित जे खातात ते शेवाळ आणि बारीक जीव त्या पाण्यातच वाढतात. कुठपर्यंत वाढणं चांगलं आणि कुठून पुढे विष, यावर अभ्यासकांनी बोलावं.

मला तिथे वेगळीच गोष्ट ओढते. पाणी उतरायला लागलं की बुडालेली जमीन वर येते. पळसदेवचं देऊळ वर येतं हे सगळ्यांना माहीत आहे, पण बांधही वर येतात, जुन्या विहिरींचे काठ, गाडीवाटा. विंगेटच्या माणसांनी ज्या इंदापूर तालुक्याची माती हातात चुरून वर्ग पाडले, त्यातलीच ही. धरणात गेली तेव्हा तिचा सातबारा संपला. आणि आता दरवर्षी काही महिने ती ओला चिखल होऊन परत येते. मग तिच्यावर दोघांचा डोळा असतो. शेतकरी गाळपेर करतो, मका, चारा, कलिंगड. पाणी जसं मागे सरकेल तसा तो पुढे सरकतो. आणि रोहिताला नेमकी तीच रेघ हवी, जिथे पाणी घोट्याएवढं आहे, खाली मऊ गाळ आहे आणि माणूस अजून पोचलेला नाही.

मागच्या खेपेला आमचा नाववाला आणि त्याचा चुलता यांची काठावर चांगलीच जुंपली. चुलत्यानं पाण्याच्या अगदी कडेपर्यंत मका टोचलेला, वर पंपाचा पाईप थेट उथळ पाण्यात टाकलेला. पंप सुरू झाला की पाखरं उठतात.

"आण्णा, दहा हात मागं ठिवा की. गिऱ्हाईक काय मका बघाया येतंय व्हय?"

"तुझं गिऱ्हाईक मला वैरण घालतंय का?"

"दोन म्हैने तर हाय."

"मंग मला बी दोनच म्हैने हायेत ना!"

शेवटी पाईप थोडा लांबवून खोल पाण्यात टाकायचं ठरलं, पाईपचे पैसे नाववाल्यांनी वर्गणी काढून द्यायचे. दिले की नाही ते विचारायचं आहे.

बेत आखणाऱ्यांसाठी एवढं सांगतो. यंदा पाऊस जोरात झाला, उजनी काठोकाठ भरलेलं आहे. म्हणजे डिसेंबरात गाळ उघडा पडणार नाही आणि रोहित उशिरा उतरतील. नाताळच्या सुट्टीत जाऊन रिकामे परत येऊ नका आणि नाववाल्यांवर चिडू नका. जानेवारीच्या अखेरीस आधी फोन करून पाणी किती उतरलं ते विचारा, मग निघा. पहाटे पाचला पुणं सोडा. आणि जाता जाता कवडीला अर्धा तास थांबा, रस्त्यावरच आहे. रुमाल न्या.